जबड्याची छाया : निरोगी काय आणि रोगट काय?

दाढ दुखू लागली म्हणजे माणसाची विचारशक्ती निम्मी होते, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर उरलेली निम्मीही जाते. अशा वेळी डॉक्टरांनी आगपेटीपेक्षाही लहान अशी एक फिल्म उजेडासमोर धरावी, किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे तेच चित्र पडद्यावर मोठे करून दाखवावे, दाताच्या मुळाशी बोट ठेवावे आणि म्हणावे, "हे पाहा, येथे काळे दिसते आहे." एवढे शब्द कानावर पडले की आपला जीव धास्तावतो. काळे म्हणजे कीड, काळे म्हणजे पू, काळे म्हणजे दात गेलाच, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. परंतु क्ष-किरणाच्या चित्रात काळे म्हणजे वाईट आणि पांढरे म्हणजे चांगले, असा काही नियम नाही. हा साधा मुद्दा सामान्य माणसाला ठाऊक नसला तर नवल नाही. नवल असे, की तो जाणत्यांनाही पुष्कळ काळ नीट उमगला नव्हता, आणि त्याची किंमत असंख्य लोकांनी आपल्या निरोगी दातांनी मोजली.

मी विद्यार्थी असतानाची गोष्ट आहे. एका मध्यमवयीन बाईंचा खालचा जबडा एका बाजूने ठणकत होता. मी फोटो काढला. उपदाढेच्या मुळाच्या टोकाशी मसुराएवढा काळा गोल स्पष्ट दिसला. मोठ्या आत्मविश्वासाने मी "गळू" असे निदान करून मोकळा झालो. आमच्या गुरुजींनी फिल्म पाहिली. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "दुसऱ्या बाजूचा फोटो काढा," एवढेच म्हणाले. न दुखणाऱ्या त्या बाजूलाही त्याच जागी तसाच गोल! तो गोल म्हणजे गळू नव्हते. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक माणसाच्या हाडात एक छिद्र असते आणि त्यातून खालच्या ओठाची मज्जा बाहेर पडते. दुखत होती ती शेजारची दाढ. एक निरपराध दात थोडक्यात वाचला. मला त्या दिवशी मिळालेला धडा शिकायला दंतवैद्यकाला मात्र जवळजवळ अर्धे शतक लागले. ती हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

शरीरातील नैसर्गिक पोकळीला भिऊन जाणे ही गोष्ट क्ष-किरणांपेक्षाही जुनी आहे. वरच्या दाढांच्या माथ्यावर, गालाच्या हाडाच्या आत, एक मोठी पोकळी असते. लिओनार्दो दा व्हिंची याने १४८९ च्या सुमारास काढलेल्या कवटीच्या चित्रांत ती दिसते. पुढे १६५१ साली नथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने तिचे सविस्तर वर्णन केले. त्याने एका रुग्ण स्त्रीची हकीकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढला तेव्हा त्या खड्ड्यातून स्राव वाहू लागला. तिने कुतूहलाने त्यात चांदीची सळई घातली, ती जवळजवळ सगळी आत गेली. मग पिसाची काडी घातली, तीही आत आत जात राहिली. काडी मेंदूपर्यंत पोहोचली की काय या भीतीने बाई घाबरून गेली. हायमोरने तिला समजावून सांगितले, की ही पोकळी प्रत्येकाच्याच गालात असते. काडी मेंदूत गेली नव्हती, त्या पोकळीतच वळत गेली होती. निरोगी शरीराची ओळख नसली म्हणजे मनुष्य कसा भितो याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता आपण १८९५ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना हे अद्भुत किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र घेतले आणि वर्ष संपता संपता शोध जाहीर केला. नंतर काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग या गावच्या ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने छायाचित्रणाच्या काचेचा एक लहान तुकडा काळ्या कागदात व रबरात गुंडाळून स्वतःच्या तोंडात धरला आणि आपल्याच दाढांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे न हलता पडून राहावे लागले. आज जे काम सेकंदाच्या अंशात होते त्याला पंचवीस मिनिटे! त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे डॉ. एडमंड केल्स यांनी आपल्या दवाखान्यात रुग्णांच्या दातांची चित्रे घेण्यास आरंभ केला. १८९९ साली त्यांनी दाताच्या मुळात शिशाची तार घालून फोटो काढला आणि मुळाची लांबी मोजून दाखविली. तोपर्यंत दंतवैद्य मुळाच्या आत काम करी ते चाचपडत, अंधारात. आता त्या अंधारात दिवा लागला.

पण दिवा लागला म्हणून घर ओळखीचे होत नाही. शवविच्छेदन केलेल्या वैद्यांना हाड ठाऊक होते, हाडाची छाया ठाऊक नव्हती. हाड तिन्ही अंगांनी भरलेले असते. छाया सपाट असते. पुढचे, मधले आणि मागचे सारे एकाच पातळीवर एकमेकांवर येऊन बसते. ज्यातून किरण सहज जातो ते काळे दिसते आणि जे त्याला अडविते ते पांढरे. म्हणून काळा डाग दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की येथे हाड थोडे आहे. ते रोगाने खाल्ले म्हणून थोडे आहे, की मुळातच निसर्गाने तेथे वाट ठेवली आहे, हे फिल्म आपण होऊन सांगत नाही.

तेव्हा निरोगी जबडा कसा दिसतो ते थोडे पाहू. दाताचे वरचे चकचकीत कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. तो शुभ्र दिसतो. त्याच्या आतला भाग करडा, आणि मधोमध मज्जा व रक्तवाहिन्या असलेला गाभा काळा. हे काळे रोगाचे नव्हे, जिवंतपणाचे आहे. मुळाभोवती केसासारखी एक काळी रेघ असते, कारण दात हाडात चुन्याने बसविलेला नसून बारीक तंतूंनी झोळीसारखा टांगलेला असतो. त्या काळ्या रेघेला लागून बाहेरून एक पांढरी रेघ जाते. ती म्हणजे दाताच्या कोनाड्याची भिंत. ही पांढरी रेघ मुळाच्या टोकाभोवती सलग दिसली तर तो दात बहुधा निर्दोष समजावा. साऱ्या फिल्मवर इतके मोलाचे दुसरे चिन्ह क्वचितच सापडेल.

वरच्या जबड्यात पटाशीच्या दोन मधल्या दातांमध्ये एक बारीक काळी रेघ उभी जाते. नवशिक्याला ती हाड मोडल्याची खूण वाटते. वस्तुतः तो जबड्याच्या दोन अर्धांचा सांधा होय. तेथेच, टाळूच्या पुढच्या भागी, मज्जा बाहेर येण्याचे एक छिद्र असते. ते कधी वाटोळे, कधी बदामी दिसते, आणि किरणांचा कोन थोडा बदलला की नेमके पटाशीच्या दाताच्या मुळावर येऊन बसते. मग ते गळवासारखे भासते. त्याची रुंदी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असली तर सहसा काळजीचे कारण नसते. त्याहून मोठे दिसले तर मात्र चौकशी करावी. मागे दाढांच्या वर हायमोरची ती पोकळी काळ्या कमानीसारखी दिसते. काही लोकांत ती दाढांच्या मुळांच्या मधून खाली उतरते आणि मुळे जणू तिच्यातच शिरली आहेत असा भास होतो. तिची पुढची भिंत आणि नाकाचा तळ या दोन पांढऱ्या रेघा सुळ्याच्या वर एकमेकींना छेदतात आणि उलट्या वाय अक्षरासारखी आकृती उमटते. वरच्या अगदी मागच्या दाढेच्या चित्रात कधी कधी एक पांढरा त्रिकोण दिसतो. तो वरच्या जबड्याचा नाहीच! तोंड उघडल्यावर खालच्या जबड्याचे टोक पुढे सरकते, त्याची ती सावली. मुळाचा तुकडा आत राहिला, असे समजून नसता शोध घेण्याचा मोह येथे होतो.

खालच्या जबड्यात उपदाढांशी असलेले छिद्र आपण पाहिलेच. दाढांच्या खालून दोन पांढऱ्या काठांची एक काळी नाली जाते. ती मज्जेची नाली. हनुवटीच्या मध्यावर, आतल्या बाजूने जिभेचे स्नायू जेथे चिकटतात, तेथे एक लहान पांढरे कडे दिसते आणि त्यात मधोमध काळा ठिपका. दाढांच्या मुळांखाली लाळेची गाठ जेथे टेकते तेथे हाड पातळ असते, म्हणून सारा भागच काळसर दिसतो. लहान मुलांत आणखी एक फसगत होते. नुकत्याच उगवलेल्या दाताचे मूळ पुरे झालेले नसते. त्याच्या उघड्या टोकाशी वाढीचा मऊ भाग काळा दिसतो. वाढ चालू आहे, याची ती खूण. तिलाच रोग मानणे म्हणजे कळीला किडलेले फूल म्हणण्यासारखे आहे.

यात भर पडली किरणांच्या कोनाची. दुपारी आपली सावली पायाशी गोळा होते आणि संध्याकाळी ताडामाडाएवढी लांबते, हे आपण रोज पाहतो. दाताचेही तसेच. किरण तिरपा पडला तर मूळ आखूड किंवा लांब दिसे. दात आणि फिल्म यांच्यामधील कोनाचे दोन सारखे भाग करून त्या दुभाजक रेषेवर किरण काटकोनात टाकला म्हणजे छाया दाताएवढीच पडते, हा नियम पोलंडच्या अंतोनी चेशिन्स्की यांनी १९०७ साली मांडला. जगातल्या दंतवैद्यांनी पिढ्यानपिढ्या या नियमाने चित्रे काढली. हे चेशिन्स्की पुढे ल्वूव विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि जुलै १९४१ मध्ये हिटलरच्या सैन्याने ते शहर घेतल्यावर तेथील इतर प्राध्यापकांबरोबर त्यांनाही गोळ्या घालून ठार मारले.

१९१३ साल या विद्येला फार फलदायी ठरले. त्या वर्षी कूलिज यांनी भरवशाची नवी क्ष-किरण नळी तयार केली, कोडॅक कंपनीने दातांसाठी आयती गुंडाळलेली फिल्म बाजारात आणली, आणि हॉवर्ड रेपर यांनी या विषयावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. रेपर यांनी अमेरिकेतील इंडियाना येथील दंत महाविद्यालयात थोडी वर्षे आधीच हा विषय रीतसर शिकविण्यास सुरुवात केली होती. यंत्रे झपाट्याने पसरली. यंत्र विकत घेता येते. ते वाचणारी दृष्टी विकत मिळत नाही. आणि नेमक्या याच सुमारास वैद्यकात एका विचाराची लाट उसळली.

१९१० च्या ऑक्टोबरात विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने कॅनडातील माँट्रियल येथे एक व्याख्यान दिले. घाणेरड्या तोंडावर बसविलेल्या सोन्याच्या टोप्या व पूल यांच्याखाली पू साठतो आणि त्यातून शरीरभर रोग पसरतात, असा त्याचा आरोप होता. त्यात तथ्यांश होता, आणि त्या काळच्या वाईट कारागिरीवर तो आसूड आवश्यकही होता. परंतु शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आदी वैद्यांनी या विचाराचा विस्तार केला. सांधे धरले, हृदय बिघडले, मूत्रपिंड दुखावले, कशाचेही मूळ दातात किंवा टॉन्सिलमध्ये शोधावयाचे अशी रीत पडली. रोगाचे कारण न सापडलेला वैद्य रुग्णाला दंतवैद्याकडे धाडू लागला. फोटो निघे, त्यात कोठे ना कोठे काळे दिसेच, आणि दात उपटला जाई. काही जण तर गाभा गेलेला प्रत्येक दात काढलाच पाहिजे असे मानीत. सांधेदुखीला दोषी दुसरेच कोणी, आणि शिक्षा मात्र दाताला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार होता.

या लाटेचे सर्वांत भयंकर रूप न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात दिसले. तेथील प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांची अशी खात्री होती, की वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या पुवात आहे. दात दाखविण्यासाठी त्यांना क्ष-किरणांचा भरपूर आधार मिळाला. रुग्णांचे दात काढले, मग टॉन्सिल काढले, तेवढ्याने गुण न आला तर आतड्यावर शस्त्रक्रिया केली. कित्येक रुग्ण त्यात दगावले. कॉटन हे क्रूर गृहस्थ नव्हते. आपण रुग्णांचे भले करतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढविले. प्रामाणिकपणाला पडताळ्याची जोड नसली म्हणजे तो किती घातक ठरतो, याचे याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

या गदारोळात एक आवाज उठला, आणि तो क्ष-किरणांच्या शत्रूचा नव्हता. तो डॉ. केल्स यांचा होता. १९२० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी या निष्कारण दात उपटण्याला 'या युगाचा गुन्हा' असे नाव दिले. वैद्याने चिठ्ठी पाठविली म्हणून दंतवैद्याने दात काढू नये, क्ष-किरण आहेत ते दात वाचविण्यासाठी, असे त्यांचे सांगणे. हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते वर्षानुवर्षे आपलाच हात किरणांसमोर धरीत आले होते. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राण घेऊ शकतात असा इशारा दिला होता, पण तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. केल्स यांच्या हाताला कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात गेला, मग दंडही गेला. तीसाहून अधिक शस्त्रक्रिया सोसल्यावर १९२८ साली त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. ज्या किरणांनी त्यांचा हात खाल्ला, त्या किरणांची बदनामी होऊ नये आणि दुरुपयोगही होऊ नये, म्हणून हा मनुष्य झगडत राहिला.

लाट ओसरायला आणखी काही वर्षे लागली. १९३८ साली सीसिल आणि अँजेव्हाइन यांनी सांधेवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला आणि दात वा टॉन्सिल काढून हा रोग बरा होतो असे आढळत नाही, हे स्पष्ट केले. यांतील सीसिल हे पूर्वी याच मताचे पुरस्कर्ते होते. आपले मत चुकले हे पुराव्यानिशी सांगणारा मनुष्य शास्त्रात फार मोठा समजला पाहिजे.

दरम्यान, छाया वाचण्याची रीतही पक्की होत गेली. तिची सूत्रे चार. पहिले, दुसरी बाजू पाहा. निसर्ग बहुधा दोन्हीकडे सारखा असतो, रोग क्वचितच तसा असतो. दुसरे, मुळाभोवतीची पांढरी रेघ सलग आहे का ते पाहा. तिसरे, कोन बदलून पुन्हा चित्र घ्या. लंडनच्या क्लार्क यांनी १९१० साली दाखवून दिले, की किरणांची जागा सरकविली म्हणजे पुढच्या व मागच्या वस्तूंच्या छाया वेगवेगळ्या सरकतात. गळू मुळाला चिकटून राहते. छिद्र मुळापासून दूर सरते. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, दात जिवंत आहे की नाही याची परीक्षा करा. गार लावून पाहा, ठोकून पाहा, रुग्णाला विचारा. फिल्म ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

ही ओळख एकाएकी पुरी झाली असेही नाही. १९४२ साली मेयो क्लिनिकचे एडवर्ड स्टाफ्ने यांनी जबड्याच्या कोनाजवळ आढळणाऱ्या ३५ काळ्या पोकळ्यांचे वर्णन केले. त्या रोगट गाठी नव्हत्या. लाळेच्या गाठीशेजारी हाडाला पडलेले निरुपद्रवी खळगे निघाले. उलट बाजूचा धडा १९६१ साली मिळाला. बेंडर आणि सेल्टझर यांनी मृत माणसांच्या जबड्यात मुद्दाम खड्डे कोरून फोटो काढले, आणि हाडाच्या आतल्या सच्छिद्र भागात पुष्कळ नाश झाला तरी बाहेरचे कठीण कवच शाबूत असेपर्यंत तो चित्रात दिसत नाही, असे सिद्ध केले. म्हणजे काळे दिसले की रोग आहेच असे नाही, आणि काळे दिसले नाही म्हणून रोग नाहीच असेही नाही.

आपल्या देशात या शास्त्राचे रीतसर शिक्षण उशिरा सुरू झाले. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा येथे शिकून परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली आले आणि दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला. त्यानंतर यंत्रे पुष्कळ बदलली. फिनलंडचे पाटेरो यांच्या प्रयत्नांनी सारा जबडा एकाच लांबट चित्रात मावू लागला. त्याबरोबर मानेचा कणा, जिभेवरची हवा, समोरच्या बाजूची पुसट प्रतिमा अशा नव्या सावल्याही आल्या आणि नव्याने ओळखाव्या लागल्या. आता फिल्मची जागा संगणकाने घेतली आहे, आणि संशयाच्या जागेवर खूण करून देणारी यंत्रेही निघाली आहेत. पण यंत्रालाही आधी निरोगी जबडे दाखवूनच शिकवावे लागते. पाया तोच आहे.

हे सारे ऐकून कोणी क्ष-किरणांवरचा विश्वास टाकू नये. मुळाशी खरोखरीचे गळू असते, दातांमधली लपलेली कीड असते, आडवी अडकलेली अक्कलदाढ असते, आणि ती वेळीच दाखविणारा हा मोठा उपकारक मित्र आहे. तक्रार किरणांविरुद्ध नाही, घाईविरुद्ध आहे. उद्या आपल्याला कोणी काळा डाग दाखविला तर घाबरू नये आणि भांडूही नये. नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत. "डॉक्टर, हा दात जिवंत आहे का? आणि दुसऱ्या बाजूला असेच दिसते का?" चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही. त्याने ते स्वतःला आधीच विचारलेले असतील.